परत माल

पहाटे सव्वापाचला म्हापशाच्या गाळ्यात
मी आधी वास मोजतो, मग खोकी.
आमसुलांचा, उकड्या तांदळाचा, ओलसर पुठ्ठ्याचा,
आणि माडाच्या गुळाचा,
जो कागदातून पाझरतोच, कितीही बजावलं तरी.

गाडीत चढण्याचा क्रम ठरलेला.
जड खाली: कोरगुट, पंचवीस किलोची पोती सहा.
त्यावर आगरवाड्याचं मीठ, गुळापासून हातभर दूर.
खोलची मिरची माझ्या शेजारच्या सीटवर,
पट्टा लावून.
सुकडो वेळीप सांगतो, दाबलीस तर रंग सोडील.

धंदा काय, कोणी विचारलं तर सांगतो, वाटप.
ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून
आपल्याला हे हवंय हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांच्याकडे.
मधले अठरा टक्के माझे.
त्यातले डिझेलचे किती, उंदरांचे किती,
ते विचारू नये.

आसगावच्या काचेच्या दुकानात
कोरगुटाला स्वतःचा दिवा मिळतो.
खाजणातलं खारं पाणी पिऊन वाढलेला तांदूळ
तिथे एसीत अंग चोरून बसतो.
फोंड्याला घनःश्याम कुंकळ्येकाराकडे
तेच पोतं दाराशी, तोंड उघडं, वर माप,
आणि मापाला टेकून मांजर.

कुडतरीच्या पिएदाद माय विनागर करायच्या.
सूर आणणारा रेंदेर एकच, जुझे इनास.
त्याचे गुडघे जितके माड चढू देतील
तितकं उत्पादन.
कौलाचा तुकडा चुलीत लाल करून
बुयांवात सोडायच्या, चर्र,
आणि झाकण लावून दोन महिने
त्याच्याशी बोलायच्या नाहीत.

मी लेबल घेऊन गेलो, तेव्हा चष्मा लावून वाचलं.
‘बारा म्हयन्यांनी ह्याचें कितें जातलें?’
काही नाही, म्हटलं. तारीख छापावी लागते.
‘विनागराक तारीख?’
शेजारचं कुत्रं उठून बसेपर्यंत हसल्या.
‘तुजी बरय. म्हजी बरय. ताका कित्याक?’

मी त्याचीच छापली.
छत्तीस बाटल्या, मार्च ते मार्च.

ऑगस्टात त्या गेल्या.
छत्तीसमधल्या बावीस तोवर
कुणाकुणाच्या सोरपोतेलात, लोणच्यात मुरल्या होत्या.
चौदा फळ्यांवर उभ्या राहिल्या,
पणजी, मडगाव, फोंडा,
पुढच्या रांगेतून मागच्या रांगेत.
मार्च उजाडला आणि फोन सुरू झाले.
सुपरमार्केटचा अनीश, वय चोवीस, अत्यंत सभ्य:
‘अंकल, एक्सपायरी. क्रेडिट नोट पाठवा.’

गोळा करत फिरलो.
बोरीच्या पुलाआधी गाडी बाजूला घेतली,
एक बाटली उन्हात धरली. गाळ तळाला,
वर सगळं नितळ.
बूच काढलं.
अशी धार गेल्या मार्चमध्ये नव्हती.
आंबटपणा आत्ता कुठे वयात आला होता.
क्रेडिट नोटेवर
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

तेरा झाल्या. चौदावी फोंड्याला.
कुंकळ्येकाराने मांजर उचलून बाजूला ठेवलं, वही उघडली.
‘ती विकली गेली,’ म्हणाला.
गल्ल्यामागे, उदबत्तीच्या पुड्यांशेजारी
मला तिची मान दिसत होती.
ह्यांच्या घरात आंबट म्हणजे सोलं.
विनागराचा थेंब चालत नाही.
तरी त्याने पैसे मोजले, पूर्ण छापील किंमत,
स्वतःचा नफाही न कापता.

‘म्हातारी आली होती एकदा तुझ्यासोबत.
गाडीतच बसून राहिली.
आपली बाटली कुठे ठेवतात, बघायला.
मी चहा पाठवला.
तिने आपल्या बाटलीतल्या पाण्याने कप धुऊन
परत पाठवला.’
एवढंच.
मग कोरगुट अर्धा किलो कमी भरला म्हणून भांडला.
कमी भरलाच होता.

मी वहीत लिहिलं: परत माल, तेरा.
काणकोणच्या रस्त्याला लागेपर्यंत अकरा वाजले.
मिरची उतरवून मोकळ्या झालेल्या सीटचा पट्टा
लावायचा राहिला होता,
वळणावळणाला दारावर आपटत होता.